डायरेक्ट ड्राइव्ह घेण्याआधी घरचं अर्थिंग बघा

मंचरच्या किंवा शिरूरच्या दुकानात वॉशिंग मशीन बघायला गेलात की विक्रेता आधी दारावरच्या स्टिकरवर बोट ठेवतो. 'डायरेक्ट ड्राइव्ह आहे, मोटरला दहा वर्षं वॉरंटी.' कवठे येमाईच्या गिऱ्हाइकाला ते लगेच पटतं, कारण वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एलजी आणि हायर या दोन कंपन्यांचे कारखाने आपल्याच तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत आहेत. आसपासच्या गावांतली पोरं तिथे शिफ्टला जातात. तेव्हा माल ओळखीचा वाटतो.

स्टिकर खोटं बोलत नाही. मोटर खरोखरच टिकाऊ असते. पण मोटर टिकली म्हणजे मशीन टिकलं असं होत नाही, आणि आपल्याकडची लाइट, आपलं पाणी, आपली मोरी बघता मशीन बंद पडायला मोटर सोडून इतर कारणंच जास्त असतात. ती कळायची तर आधी आतला कारभार कळला पाहिजे.

जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये मोटर ड्रमच्या खाली एका बाजूला बसवलेली असते. तिच्या दांड्यावर लहान पुली, ड्रमच्या मागे मोठी पुली आणि दोघींवर पट्टा. मोटर दहा-बारा वेळा फिरते तेव्हा ड्रम एकदा फिरतो. पिठाच्या गिरणीत पट्ट्यावर जातं फिरतं आणि विहिरीत सोडलेल्या पाणबुडी मोटरला पंप थेट दांड्यालाच जोडलेला असतो, तोच फरक इथे आहे. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये पट्टा नाही, पुली नाही. ड्रमचा दांडा मागच्या बाजूने बाहेर येतो आणि त्याच दांड्यावर मोटरचा फिरणारा भाग एका बोल्टने आवळलेला असतो. ड्रम जितका फिरेल तितकीच मोटर फिरते, ना कमी ना जास्त.

मागचं पत्र्याचं झाकण काढलं की परातीएवढी एक चकती दिसते. तोच रोटर. त्याच्या आतल्या कडेला चुंबकं चिकटवलेली असतात. रोटर ओढून काढला की मागे स्टेटर दिसतो, म्हणजे गोलाकार मांडलेली तांब्याच्या तारेची वेटोळी. मिक्सरच्या मोटरीसारखा आत वीज नेणारा कार्बन ब्रश इथे नसतो, त्यामुळे झिजायला काही नाही. बऱ्याच मॉडेलांत स्टेटरला ३६ वेटोळी आणि रोटरला ४८ चुंबकीय ध्रुव असतात. वेटोळी तीन गटांत, म्हणजे तीन फेजमध्ये वाटलेली. घरात येणारी लाइट सिंगल फेज, मग तीन फेज आले कुठून? ते बोर्ड तयार करतो. भिंतीतून आलेली २३० व्होल्टची एसी वीज बोर्ड आधी डीसी करतो, ती साधारण ३२५ व्होल्ट होते. मग त्या डीसीचे सेकंदाला हजारो तुकडे पाडून त्यातून हव्या त्या वेगाची तीन फेजची वीज घडवतो. मशीनवर 'इन्व्हर्टर' लिहिलेलं असतं ते याच कामासाठी.

आता रोटर कुठल्या क्षणी कुठे आहे हे बोर्डाला कळल्याशिवाय कुठलं वेटोळं चालू करायचं हे त्याला कळणार नाही. म्हणून स्टेटरच्या कडेला अंगठ्याएवढा एक प्लास्टिकचा तुकडा खोचलेला असतो. त्याला हॉल सेन्सर म्हणतात. समोरून चुंबक गेलं की तो बोर्डाला इशारा देतो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे दुरुस्तीच्या वेळी ते कामाला येईल.

एवढा खटाटोप कशासाठी? कपडे धुताना ड्रमने त्यांना वर उचलून खाली आपटलं पाहिजे. साधारण ४८ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमचा हिशोब केला तर मिनिटाला ६० फेऱ्यांच्या वर गेलं की कपडे ड्रमच्या भिंतीला चिकटून राहतात, पडतच नाहीत. म्हणजे धुणं ४०-५० फेऱ्यांत उरकायचं, तेही ओल्या कपड्यांचं वजन उचलत, दर काही सेकंदांनी उलटसुलट. आणि पिळताना तोच ड्रम १२०० फेऱ्यांवर न्यायचा. त्या वेगात कपड्यातल्या पाण्याच्या थेंबावर त्याच्या वजनाच्या सुमारे ३८५ पट जोर बाहेरच्या दिशेने येतो. सावकाश चालताना दमदार ओढ आणि पळताना सुसाट वेग, अशी दोन्ही कामं एकाच मोटरीकडून गिअरशिवाय करून घ्यायची तर मोठ्या व्यासाची, पुष्कळ ध्रुवांची मोटर लागते. म्हणून ती परातीएवढी.

पट्टा काढून टाकण्याची ही कल्पना घरगुती मशीनमध्ये प्रथम आणली न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल कंपनीने, १९९१ मध्ये. त्यांच्या टॉप लोडमध्ये मोठी गंमत होती. टबात पाणी भरलं की आतला ड्रम तरंगून दांड्यावरून सुटा व्हायचा आणि नुसता मधला खांब कपडे घुसळायचा. पाणी सोडलं की ड्रम खाली बसून परत दांड्याला जोडला जायचा. एलजीने १९९८ पासून ही पद्धत धरली आणि भारतात डायरेक्ट ड्राइव्ह म्हटलं की बहुतेकांना तेच नाव आठवतं.

दुकानात एक घोळ हमखास होतो. 'इन्व्हर्टर मोटर' म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह असं सांगितलं जातं. तसं नाही. आज बऱ्याच मशीनांत कार्बन नसलेली इन्व्हर्टर मोटर असते, पण ती खाली बसवलेली आणि पट्ट्यावर चालणारी. ती वाईट नसते. पट्टा तुटला तर थोडक्या पैशांत बदलून मिळतो आणि गावातला मेकॅनिकही तो बदलू शकतो. विक्रेत्याला सरळ विचारा, 'आत बेल्ट आहे का?' एका शब्दाचं उत्तर घ्या. टॉप लोड घेत असाल तर हेही माहीत असू द्या की डायरेक्ट ड्राइव्ह असूनही आत धुणं आणि पिळणं यांच्यात अदलाबदल करणारा क्लच असतो, तेव्हा 'हलणारे भाग एकदम कमी' हे वाक्य फ्रंट लोडला जितकं लागू तितकं टॉप लोडला नाही.

आणि घरी जुनं सेमी ऑटोमॅटिक असेल तर त्याच्या पिळायच्या बाजूची मोटर वाकून बघा. तिचा दांडा थेट पिळायच्या डब्याला जोडलेला असतो, मध्ये पट्टा नसतो. डायरेक्ट ड्राइव्हच तो, फक्त बिनबोर्डाचा.

आता लाइटचं बघू, कारण खरा खेळ इथेच आहे.

संध्याकाळी डीपीवर लोड आला की घोड नदीच्या पट्ट्यातल्या वस्त्यांवर व्होल्टेज १८० पर्यंत उतरणं नवं नाही. सेमी ऑटोमॅटिकमधल्या साध्या मोटरीची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे १८० झाले की जोर ६१ टक्क्यांवर येतो. मोटर गुंगुं करते, तापते, आणि शेवटी वास मारायला लागते. डायरेक्ट ड्राइव्ह इथे उजवं ठरतं. धुण्याच्या सावकाश वेगाला तिला पूर्ण व्होल्टेज लागतच नाही, त्यामुळे लाइट उतरली तरी बोर्ड निभावून नेतो. फारच उतरली तर तो मशीन थांबवतो, मोटर जळू देत नाही.

पण व्होल्टेज चढलं तर चित्र उलटं होतं. गावठाणातल्या घरांना डीपीवरून एकेक फेज वाटलेला असतो. खांबावर न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की एका घरात बल्ब मिणमिणतो आणि शेजारच्या घरात भगभगतो. त्या शेजारच्या घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट आलेले असतात. बोर्डाने त्याचं डीसी केलं की ५६० च्या पुढे जातं, आणि बोर्डावरचा मोठा कपॅसिटर असतो ४०० नाहीतर ४५० व्होल्टचा. तो फुगतो किंवा फुटतो, सोबत आणखी दोन-चार भाग घेऊन जातो. सेमी ऑटोमॅटिकची मोटर अशा झटक्यात काही क्षण तग धरेल, बोर्ड धरत नाही. यासाठी घरच्या मेन बोर्डात व्होल्टेज चढलं-उतरलं की तोडणारं आणि नीट झालं की थोड्या वेळाने आपोआप जोडणारं यंत्र मिळतं, ते बसवून घ्या. मशीनच्या दुरुस्तीपुढे त्याची किंमत काहीच नाही. टीव्ही आणि फ्रीजही त्यातच वाचतात. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की मात्र या यंत्रावर विसंबू नका, पिन भिंतीतून काढून ठेवा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

आता अर्थिंग. नवं मशीन आणलं आणि ओल्या हाताने दाराला धरलं की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो, अशी तक्रार पुष्कळ घरांतून येते. लगेच मशीन खराब म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. इन्व्हर्टरच्या बोर्डावर विजेतला खरखराट गाळणारा फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून मशीनच्या पत्र्याला जोडलेले असतात. पत्रा जमिनीला जोडलेला असेल तर ती किरकोळ गळती अर्थमधून निघून जाते. अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो, त्याने जीव जात नाही. पण मुंग्या येतात याचा अर्थ घरात अर्थिंग नाही, आणि उद्या पाणी तापवणारा हीटर आतून गळायला लागला तर तोच पत्रा जिवावर बेतेल.

तेव्हा मशीन घरात येण्याआधी वायरमनला बोलवा. मोरीच्या जवळच्या ओलसर जागी खड्डा, त्यात पाइप किंवा पट्टी, कोळसा आणि मीठ, आणि तिथून मशीनच्या सॉकेटपर्यंत सलग हिरवी वायर. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॉटचा बल्ब लावून बघून घ्या. फेज-न्यूट्रलवर पेटतो तितकाच लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला तर खड्डा नावापुरता आहे. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. अर्थिंग असलं तर गळती होताच तो पडतो. नसलं तर कुणीतरी पत्र्याला हात लावेपर्यंत तो वाट बघत बसतो. तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात मशीन लावण्याचा उद्योग कुणी करत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

लाइट ठराविक तासांचीच असेल आणि घरच्या बॅटरी इन्व्हर्टरवर किंवा सोलरवर मशीन चालवायचं मनात असेल, तर एक गोष्ट पक्की करा. या मशीनमध्ये मोटर कमी खाते, हीटर जास्त. हीटर २००० वॉटच्या घरात असतो, मोटर त्याच्या कितीतरी खाली. प्रोग्रॅम निवडताना 'कोल्ड' ठेवलंत तर बॅटरीवर जमू शकतं. ४० अंशांचा प्रोग्रॅम लावलात तर छोटा इन्व्हर्टर ओरडायला लागेल. वीजबिलाचंही तेच. डायरेक्ट ड्राइव्हने वाचणारी वीज पट्ट्याच्या घर्षणाइतकी, म्हणजे थोडी. गार पाण्याने धुतल्याने वाचणारी कितीतरी जास्त.

पाण्याचं दुखणं वेगळं. फ्रंट लोडला नळातून दाबाने पाणी लागतं. किती, ते पुस्तिकेत दिलेलं असतं, काहींना ०.३ बार पुरतो, काहींना १ बार लागतो. टाकीच्या तळापासून मशीनच्या नळापर्यंत दहा मीटर उंची असेल तर सुमारे १ बार मिळतो. एकमजली घराच्या स्लॅबवरच्या टाकीतून हिशोबाने ०.३ बारच हाती लागतो. मग मशीन पाण्याची वाट बघत बसतं आणि शेवटी 'आयई' दाखवतं (इथले सगळे कोड एलजीचे). मोटर, बोर्ड सगळं ठणठणीत असतं. पुस्तिका आधी वाचा, लागलं तर टाकीखाली उंच बैठक करा किंवा छोटा प्रेशर पंप लावा. पाइप जिथे मशीनला जोडला जातो तिथे एक बारीक जाळी असते, बोअरच्या पाण्यातला गाळ तिथेच साचतो. पकडीने ओढून काढा, जुन्या ब्रशने घासा, परत बसवा. बोअरचं पाणी जड असेल तर हीटरवर चुन्याचा थर बसतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर, क्षार काढायची पावडर घालून चालवा.

बसवताना मागचे चार ट्रान्झिट बोल्ट काढलेत का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वाहतुकीत टब हलू नये म्हणून ते आवळलेले असतात. तसेच राहिले तर पहिल्याच स्पिनला मशीन मोरीभर चालत सुटेल. काढलेले बोल्ट पिशवीत घालून बिलासोबत ठेवा, वस्तीवरून गावात घर हलवताना तेच परत लागतात. शहाबादी फरशी वरखाली असेल तर पायांचे स्क्रू फिरवून मशीन डुगडुगणार नाही असं करा. चाकांचा स्टँड लावू नका. आणि पडवीत ठेवणार असाल तर खालून जाळी मारून घ्या. उंदराला वायर फार आवडते, आणि ती कुरतडल्यावर येणारं दुखणं मेकॅनिकला शोधायला दिवस घालवतं.

आता गोधडी. घटस्थापनेच्या आधी घरातलं झाडून सगळं धुणं निघतं आणि येमाईच्या गावात तर तेव्हा पाहुण्यांचाही राबता. नदीवर बडवून धुतलेल्या गोधडीची जागा मशीनने घेतली, इथे डायरेक्ट ड्राइव्हची हुशारी आणि मर्यादा दोन्ही दिसतात. सुरुवातीला मशीन ड्रम थोडा फिरवून बघतं; फिरवायला किती करंट लागला त्यावरून कपडे किती आहेत याचा अंदाज घेतं आणि पाणी-वेळ ठरवतं. मोटर थेट दांड्यावर असल्याने हा अंदाज बराच नेमका येतो. पण कोरडी गोधडी तीन-चार किलोची असली तरी ओली होऊन एका बाजूला गोळा झाली की पिळताना ड्रम एकांगी होतो. फिरताना वेग वरखाली झालेला बोर्ड ओळखतो, थांबतो, कपडे पसरायला दोन-चार उलटसुलट फेऱ्या मारतो, परत पिळायला जातो. चार वेळा जमलं नाही की 'यूई'. हे मशीन बिघडल्याचं लक्षण नाही. एकटी गोधडी टाकू नका, सोबत दोन चादरी टाका म्हणजे वजन सगळीकडे बसतं. जाडजूड, अनेक थरांची गोधडी असेल तर ती मशीनात घालूच नये असं माझं सरळ मत आहे. तिच्यासाठी दगडच बरा.

बिघाड आला तर काय? स्क्रीनवर 'एलई' आलं आणि ड्रम हिसके देतो किंवा फिरतच नाही, तर प्रथम कपडे कमी करा, पिन काढून अर्धा तास थांबा. कपडे जास्त झाले की मोटर तापून हा कोड येतो आणि गार झाल्यावर निघून जातो. पुन्हा पुन्हा आला तर मेकॅनिक बोलवा, पण 'मोटर गेली' हा त्याचा पहिला निकाल मान्य करू नका. आधी हॉल सेन्सर आणि स्टेटरला जाणारं कनेक्टर बघायला सांगा. दमट मोरीत कनेक्टरच्या पिनांना हिरवट जंग चढते, तेवढं साफ केल्यावरही मशीन सुरू होतं. सेन्सर बदलणं स्टेटर बदलण्याच्या मानाने किरकोळ काम आहे. स्टेटर तपासणं पाणबुडीची मोटर तपासण्याइतकं सोपं आहे: तीन टोकांमधल्या तिन्ही जोड्यांना मीटर लावायचा, तिन्ही आकडे सारखे आले पाहिजेत आणि पत्र्याशी कुठेही जोड दिसता कामा नये. हे जमलं तर स्टेटर शाबूत आहे. मग शंका बोर्डावर.

रोटर काढायचा असेल तर मधला एक बोल्ट सोडला की काम होतं, पण तो चुंबकांच्या ओढीने घट्ट धरलेला असतो. सरळ ओढा, बोटं कडेला सापडू देऊ नका. काढलेला रोटर गॅरेजच्या फरशीवर टेकवू नका. लोखंडाचा कीस चुंबकांना चिकटला की परत बसवल्यावर घासण्याचा आवाज येतो आणि तो कीस निघता निघत नाही. पिन काढल्यानंतरही बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज शिल्लक असते, लगेच हात घालू नये.

मशीन बंद असताना ड्रम हाताने फिरवला की हलके हलके अडकल्यासारखा जाणवतो. ती चुंबकांची ओढ, दोष नाही. खरखर ऐकू आली, किंवा ड्रमची कड धरून वरखाली केल्यावर खेळ जाणवला, तर बेअरिंग गेलं आहे. हा आजार पट्टा असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही मशीनांना सारखाच होतो. ड्रमच्या मागचं रबरी सील झिजतं, साबणाचं पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं, बेअरिंग गंजतं. स्पिनला आवाज वाढत जातो, महिने जातात, आणि शेवटी ड्रम टबाला घासायला लागतो. वेळीच सील आणि बेअरिंग बदललं तर थोडक्यात निभावतं. साबण कमी वापरणं आणि धुणं झाल्यावर दार उघडं ठेवणं एवढंच सीलसाठी घरून करता येतं.

वॉरंटी कार्डावर दहा वर्षं फक्त मोटरची असतात, हे विकत घेतानाच वाचा. बोर्ड, बेअरिंग, सील, पाण्याचा व्हॉल्व्ह यांना किती वर्षं, मेकॅनिकच्या फेरीचे पैसे कोण देणार, आणि सर्व्हिस सेंटरचा माणूस कवठ्यापर्यंत येतो का, की मशीन टेम्पोत घालून शिरूरला न्यायचं, हे बिल करण्याआधी विचारा. ज्या घरी अर्थिंग, व्होल्टेजचं संरक्षण आणि पाण्याचा दाब या तिन्ही गोष्टी आहेत तिथे फ्रंट लोड डायरेक्ट ड्राइव्ह खुशाल घ्या. जिथे वस्तीवर लाइटचा भरवसा नाही आणि पाणी बादलीनेच घालावं लागतं, तिथे सेमी ऑटोमॅटिकच घ्या, आणि उरलेल्या पैशांतून आधी तो अर्थिंगचा खड्डा करून टाका.